वर्धा–वरोरा : कोळशाचा फाटा आणि दोन सोप्या घोषणा

१/ रेल्वेच्या इतिहासावर वाद पेटला की दोन घोषणा समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, ‘रेल्वे ही इंग्रजांची देणगी.’ दुसरी म्हणते, ‘इथला माल उचलून इंग्लंडला नेण्यासाठीच रेल्वे घातली, कोळसासुद्धा सोडला नाही.’ दोन्ही घोषणा पाठ करायला सोप्या आहेत आणि दोन्हींना टाळ्या मिळतात. विदर्भातील सुमारे ७२ किलोमीटरच्या एका कोळशाच्या फाट्यावर मात्र दोन्ही रुळांवरून घसरतात. तो फाटा म्हणजे वर्धा–वरोरा. हा धागा त्या फाट्याचा आणि त्याने उघड्या पाडलेल्या दोन्ही अर्धसत्यांचा.

२/ प्रचलित कथेचा आरंभ ठरलेला आहे : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, तोफांची सलामी. प्रसंग खरा आहे. पण त्यावरून रेल्वे मुख्यतः माणसांसाठी आली असा जो ग्रह होतो, तो खरा नाही. त्याआधीच १८३७च्या सुमारास मद्रासजवळ रेड हिल्स येथे रस्त्यांसाठी दगड वाहणारा लोहमार्ग होता. १८५१मध्ये रुडकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या पुलासाठी वाफेचे इंजिन बांधकामाचे साहित्य ओढत होते. भारतीय भूमीवरील पहिल्या रुळांवरून माणसांआधी दगडमाती धावली.

३/ बंगालमध्ये तर हेतू लपवण्याची गरजही कोणाला वाटली नाही. ईस्ट इंडियन रेल्वे हावड्याहून निघाली आणि फेब्रुवारी १८५५मध्ये राणीगंजच्या कोळसाक्षेत्रापर्यंत पोहोचली. द्वारकानाथ टागोरांच्या कार, टागोर आणि कंपनीने राणीगंजची खाण १८३६मध्येच घेतलेली होती आणि खाणींपासून कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग व्हावा यासाठी ते स्वतः भांडवल उभारायला उत्सुक होते. म्हणजे कोळसा आणि रेल्वे यांचे नाते एका भारतीय उद्योजकालाही तितकेच स्पष्ट दिसत होते. ‘देणगी’च्या कथेत द्वारकानाथ सापडत नाहीत आणि ‘लुटी’च्या कथेतही त्यांना जागा नाही.

४/ आता पश्चिमेकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढे, म्हणजे जीआयपीपुढे, वेगळीच अडचण होती. मुंबईपासून विदर्भापर्यंतचा बहुतेक प्रदेश दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाचा. कोळसा सापडतो तो त्याहून कितीतरी जुन्या गोंडवन काळातील थरांत. ते थर बसाल्टच्या आवरणातून बाहेर डोकावतात ते थेट वर्धा नदीच्या खोऱ्यात, चांदा जिल्ह्यात. म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात. तोवर इंजिनांच्या भट्टीत काय जात होते? जंगलतोडीचे लाकूड आणि जहाजांतून आलेला विलायती कोळसा.

५/ हा विलायती कोळसा मुंबई बंदरात उतरत असे. तेथून तो आत न्यायचा तर कसारा ते इगतपुरी हा थळ घाट चढावा लागे. १८६५मध्ये खुल्या झालेल्या या घाटमार्गाचा चढ ३७ फुटांत १ फूट इतका आहे. कोळशाने भरलेली वाघीण वर ओढण्यासाठीही कोळसाच जाळायचा! मुंबईपासून वर्धा साडेसातशे किलोमीटरहून दूर. जितके अंतर जास्त, तितका इंधनाचा खर्च इंधनच वाहण्यावर जास्त. फाट्याची निकड समजायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

६/ मुळात ही रेल्वे विदर्भात आली कशासाठी? कापसासाठी. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकेतील कापूस तुटला आणि वऱ्हाडाकडे सर्वांचे डोळे लागले. १८६७मध्ये जीआयपी नागपूरला पोहोचली. मग जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे छोटे फाटे निघाले : एक सुमारे ८ मैलांचा, दुसरा ६ मैलांचा. दोन्ही सरकारी, दोन्ही कापसाच्या बाजारपेठांना जाऊन भिडणारे. नकाशावर हे फाटे पाहिले तर रेल्वेची बोटे नेमकी कोणत्या ताटाकडे वळली होती ते दिसते.

७/ कापसाला रेल्वे मिळाली; रेल्वेला कोळसा हवा होता. चांदा जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर लुसी स्मिथ यांच्या कारकिर्दीत आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या पाहणीत वर्धा खोऱ्यातील कोळशाचा शोध पुढे सरकला. थिओडोर ह्यूज यांचा या कोळसाक्षेत्रावरील सविस्तर ग्रंथ १८७७मध्ये सर्वेक्षण खात्याने प्रसिद्ध केला. ग्रंथाची वाट न पाहता काम सुरू झालेले होते : वरोऱ्याची सरकारी खाण १८७१पासूनची. खाण सरकारची, तिचा मुख्य गिऱ्हाईक रेल्वे, आणि दोघांना जोडणारा मार्गही सरकारचा.

८/ त्या मार्गाचे अधिकृत नाव होते ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. नावातच सगळे आले. १८७०च्या दशकात तो वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत गेला. त्याच काळात सरकारने पैसा वाचवण्यासाठी अनेक सरकारी मार्ग मीटर गेजने बांधायचे ठरवले होते. हा फाटा मात्र ब्रॉडगेजचा झाला. कारण उघड आहे. गेज बदलले की जंक्शनवर प्रत्येक वाघीण रिकामी करून माल दुसऱ्या वाघिणीत भरावा लागतो. त्यात मजुरी जाते, वेळ जातो आणि वर्धा खोऱ्याचा ठिसूळ कोळसा भुगा होत जातो. खाणीच्या तोंडाशी भरलेली वाघीण थेट जीआयपीच्या रुळांवर जायला हवी होती.

९/ आता पहिली घोषणा तपासू या : ‘देणगी’. देणगी देणारा स्वतःच्या खिशात हात घालतो. १८४९च्या करारांनी जीआयपी आणि ईस्ट इंडियन या कंपन्यांच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी मिळाली. नफा कमी पडला तर तूट भारताच्या तिजोरीने भरायची. भारताचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे स्पष्टच सांगितले की, हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला जातो की त्याच्या विटा होतात, याची इंग्रज भांडवलदाराला फिकीर उरली नव्हती.

१०/ वर्धा–वरोरा फाट्याला तर कंपनीचाही आडपडदा नव्हता. तो सरकारने बांधला. म्हणजे शेतसारा, मीठ आणि अफू यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या तिजोरीने, आणि त्या तिजोरीच्या नावावर काढलेल्या कर्जाने. रूळ आणि इंजिने इंग्लंडच्या कारखान्यांतून येत. त्यांची किंमत भारतीय करदाता देई, नफा तिकडचा कारखानदार घेई. सोलापूरचे शिक्षक आणि अर्थचिंतक गणेश व्यंकटेश जोशी यांनी हे त्या काळातच ओळखले होते. रेल्वेवरचा खर्च म्हणजे भारताने ब्रिटिश उद्योगांना दिलेले अनुदान, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याने पैसे भरले त्यालाच ‘देणगी मिळाली, आभार मान’ असे सांगणे हा इतिहास नव्हे. ही पावतीची खाडाखोड आहे.

११/ यावर ठराविक उत्तर येते : ‘पैसे कोणाचेही असोत, फायदा तर झाला ना?’ झाला. हिंगणघाटला विचारावे. या गावाच्या नावाचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात वाणाच्या नावाने ओळखला जाई. कोळशाच्या फाट्याने त्या बाजारपेठेला रेल्वे मिळाली आणि पुढे गावात कापडगिरण्याही उभ्या राहिल्या. हा लाभ नाकारणे खोटेपणाचे ठरेल. मात्र त्या गिरण्या स्थानिक भांडवलातून, स्थानिक हातांनी उभ्या राहिल्या. रस्ता बांधणाऱ्याला त्या रस्त्यावर थाटलेल्या प्रत्येक दुकानाचे श्रेय देता येत नाही. मग रस्त्याचे पैसे दुकानदारानेच भरलेले असतील, तर मुळीच नाही.

१२/ दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस जवळ, बाजार जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही हाताशी. मुंबईच्या अनेक गिरणीमालकांना हा निर्णय वेडेपणाचा वाटला होता. लँकेशायरला कापूस पोचवणाऱ्या यंत्रणेच्याच इंधनावर लँकेशायरशी स्पर्धा करणारी गिरणी उभी राहिली. हे सरकारच्या कृपेने घडले नाही. यंत्रणा ज्यांच्यासाठी बांधलेली नव्हती, अशांपैकी एका माणसाने ती वापरून घेतली.

१३/ आता दुसरी घोषणा : ‘कोळसा इंग्लंडला नेला.’ हे वाक्य देशभक्तीच्या सुरात म्हटले जाते, म्हणून कोणी तपासत नाही. तपासले की ते टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन हा जगातील सर्वांत मोठा कोळसा निर्यातदार होता. न्यूकॅसल आणि कार्डिफचा कोळसा जगभरच्या बंदरांत पोहोचत होता. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर मुंबईचा सागरी मार्ग आणखी जवळ झाला. ज्याच्या घरी उत्तम कोळशाच्या राशी, तो ओलसर, जास्त राखेचा, ठिसूळ वर्धा खोऱ्याचा कोळसा सात समुद्रांपार कशाला नेईल? वरोऱ्याचा कोळसा विलायतेला गेला नाही. उलट जीआयपीच्या भट्टीतून विलायती कोळशाला हुसकावण्यासाठी तो खणला गेला.

१४/ मग शोषण झालेच नाही का? झाले, पण घोषणा बोट दाखवते तिथे नव्हे. कोळसा इंग्लंडला गेला नाही; कापूस बंदराकडे नेण्यासाठी तो जळला. मालाची दिशा ठरवणारी खरी शक्ती भाडेदरांत होती. अंतर्गत बाजारापेक्षा बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालाला सवलतीचे दर, ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी व्यापक होती की १९१६ ते १९१८च्या भारतीय औद्योगिक आयोगालाही तिची दखल घ्यावी लागली. लूट वाघिणीत शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ती दरपत्रकात, व्याजाच्या खात्यात आणि साहित्यखरेदीच्या नोंदीत सापडते.

१५/ हा भेद शब्दच्छल वाटेल. तो तसा नाही. ‘कोळसा नेला’ हे वाक्य खोटे ठरवायला विरोधकाला एक मिनिट पुरते, आणि मग त्याच्याबरोबर शोषणाचा संपूर्ण मुद्दाच निकालात निघाल्याचा आव आणला जातो. दादाभाई नौरोजी किंवा गणेश व्यंकटेश जोशी यांनी असे सैल वाक्य लिहिले नाही. त्यांनी आकडे मांडले, खाती तपासली. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांच्या निष्कर्षांइतकीच त्यांची शिस्तही उचलायला हवी.

१६/ दोन्ही घोषणांत एक गोष्ट सारखी आहे : खाणीतला माणूस दोन्हींत नाही. भारतातील गिरणी कामगारांसाठी पहिला कारखाना कायदा १८८१मध्ये आला. तो दुबळा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांना त्यापुढची लढाई लढावी लागली. खाणींसाठी पहिला कायदा आला थेट १९०१मध्ये. वरोऱ्याची खाण १८७१ ते १९०६ चालली. म्हणजे तिच्या ३५ वर्षांच्या आयुष्यातील पहिली ३० वर्षे जमिनीखालच्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी कोणताही खाण कायदा अस्तित्वात नव्हता. आणि ही खाण एखाद्या नफेखोर कंपनीची नव्हती. खुद्द सरकारची होती.

१७/ कामाचे तास मर्यादित करणारा खाण कायदा यायला १९२३ उजाडले. कामावर इजा झाल्यास भरपाई देणारा कायदाही त्याच वर्षीचा. तोवर वरोऱ्याची खाण बंद होऊन १७ वर्षे झाली होती. वर्धा खोऱ्याच्या कोळशाला आणखी एक खोड आहे : हवा लागली की तो आपोआप तापतो आणि पेटू शकतो. अशा थरांत दिव्याच्या उजेडात उतरणाऱ्यांच्या श्रमावर फाट्याचा सगळा हिशेब उभा होता. ज्या इतिहासात इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी मुखोद्गत असतात आणि खाणीचा कायदा केव्हा आला हे ठाऊक नसते, त्या इतिहासाची नजर कुठे लागली आहे ते वेगळे सांगायला नको.

१८/ या फाट्याच्या कथेत एक मोठा ‘जर’ दडलेला आहे. १८८२च्या सुमारास रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या हाती पडला. लोहारा येथे समृद्ध लोहखनिज, वरोऱ्यात कोळसा, आणि वरोऱ्यापर्यंत रेल्वे आलेलीच. पोलादाच्या कारखान्याला आणखी काय हवे? जमशेटजींनी नमुने तपासणीसाठी जर्मनीला पाठवले. निष्कर्ष आला : वरोऱ्याचा कोळसा या कामाला योग्य नाही.

१९/ कारण समजून घेण्याजोगे आहे. झोतभट्टीत कच्चा कोळसा चालत नाही, कोक लागतो. हवा न देता कोळसा तापवला की त्यातील वायू आणि डांबर निघून जाते. योग्य जातीचा कोळसा त्या वेळी मऊ होऊन एकजीव होतो आणि शेवटी कठीण, सच्छिद्र कोक उरतो. तो भट्टीतील खनिजाचा भार पेलतो आणि सच्छिद्र असल्याने हवा वर जाऊ देतो. वर्धा खोऱ्याचा कोळसा असा एकजीव होत नाही. त्याचा भुगा पडतो. रेल्वे इंजिनाचे पाणी उकळायला तो चालला, लोखंड वितळवायला चालला नाही.

२०/ खनिजाचे दोष एकीकडे, राज्यकर्त्यांचे नियम दुसरीकडे. खाणकामाच्या परवान्यांच्या अटी तेव्हा इतक्या जाचक होत्या की कोणी भांडवल गुंतवायला धजावू नये. त्या १८९९मध्ये, कर्झनच्या काळात, सैल झाल्या. मग शोध पुन्हा सुरू झाला, चांद्याची पुन्हा पाहणी झाली आणि पुन्हा चांदा मागे पडला. १९०७मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. चांद्याचे पोलाद हुकले ते निव्वळ इंग्रजांमुळे नाही आणि निव्वळ भूगर्भामुळेही नाही. दोन्ही कारणे शेजारी ठेवण्याचा संयम घोषणेजवळ नसतो. इतिहासाजवळ असावा लागतो.

२१/ १९०६मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. कोळशाचा फाटा खाणीबरोबर मरायला हवा होता. अनेक फाटे तसे मेले. जीआयपीच्याच जबलपूर मार्गावर गाडरवाऱ्याहून मोहपाणीच्या खाणींकडे जाणारा असाच एक फाटा होता. आज त्यावर गाडी धावत नाही. वर्धा–वरोरा मात्र जगला. दक्षिणेला बल्लारपूरची नवी खाण सुरू झाली होती. तिच्या कोळशासाठी रूळ चांद्यावरून बल्लारपूरकडे सरकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही हा मार्ग कोळशाचा माग काढतच पुढे जात होता.

२२/ त्याच वेळी निजामाच्या राज्यात दुसरा कोळसा दुसरी रेल्वे ओढत होता. १८८०च्या दशकात निजामाची रेल्वे वारंगळच्या पुढे गेली ती सिंगरेणीच्या, येल्लांडूच्या खाणींच्या ओढीने. तिथून ती बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला मिळाली. उत्तरेकडून बल्लारशा, दक्षिणेकडून काझीपेठ, आणि मध्ये जंगल. ही फट १९२९मध्ये भरली गेली आणि दिल्ली ते मद्रास असा सरळ मार्ग तयार झाला. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस या मार्गाची ओळख बनली.

२३/ म्हणजे देशाच्या उत्तर-दक्षिण कण्याचा हा भाग कोणा द्रष्ट्याने एकसंध आखलेला नाही. कोळशाचा पाठलाग करणाऱ्या दोन मार्गांची टोके शिवून तो तयार झाला. आज सेवाग्राम स्थानकातून चेन्नईच्या दिशेने वळणारी प्रत्येक गाडी प्रथम जुन्या ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’च्या वाटेने धावते. या स्थानकाचे जुने नाव वर्धा पूर्व. यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींच्या आश्रमाच्या नावाने ते आता ओळखले जाते. फाटा संपला असे म्हणता येते आणि फाटाच मुख्य मार्ग झाला असेही. नकाशातून ‘कोळसा’ हा शब्द तेवढा पुसला गेला.

२४/ ‘इतक्या लहान फाट्यावर एवढा वाद कशाला?’ असा आक्षेप येईल. कारण मोठ्या मार्गांवर घोषणांना लपायला जागा मिळते. मुंबई–ठाणे म्हटले की समारंभ पुढे येतो, हावडा–दिल्ली म्हटले की साम्राज्य. ७२ किलोमीटरच्या फाट्यावर बांधणारा, पैसे देणारा, माल भरणारा आणि माल जाळणारा हे सगळे एका नजरेत दिसतात. किल्ल्यांच्या आणि लढायांच्या इतिहासात एका चौकीचा, एका सनदेचा अभ्यास करणारे तरुण आहेत. रेल्वेच्या इतिहासालाही तेवढीच बारीक नजर हवी आहे.

२५/ आणि हा विषय संपलेला नाही. वाफेची इंजिने गेली. वर्धा खोऱ्याचा कोळसा आजही निघतो. १९७३मध्ये या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. कोळसा आता चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी जळतो, त्याची वीज राज्यभर जाते, राख आणि धूर तिथेच राहतो. २००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिगंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा तिच्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. तेव्हा राज्यकर्ते परके होते. आता ते आपले आहेत. जमिनीखालचे द्रव्य एकाचे, उजेड दुसऱ्याचा आणि काजळी तिसऱ्याची, ही रचना केवळ ध्वज बदलल्याने बदलत नाही.

२६/ शेजारच्या गडचिरोलीत आज हाच प्रसंग नव्याने घडतो आहे. सुरजागडचे लोहखनिज बाहेर पडते आहे, वडसा–गडचिरोली लोहमार्गाचे काम सुरू आहे. पुन्हा एक बाजू ‘विकास आला’ म्हणेल, दुसरी ‘सगळे लुटले’ म्हणेल, आणि दोन्ही बाजू हिशेबाची वही उघडणार नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी चांद्यात ती वही सामान्य माणसाला पाहता येत नव्हती. आज माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, वनहक्क कायदा आहे. वही न उघडण्याचे निमित्त आता उरलेले नाही.

२७/ म्हणून कोणत्याही रेल्वेमार्गापुढे चार प्रश्न ठेवावेत. मार्ग कुठून कुठे जावा हे कोणी ठरवले? पैसे कोणी भरले? भाडे कोणी ठरवले? आणि माल गेल्यावर त्या गावात काय उरले? वर्धा–वरोरा फाट्याची उत्तरे अशी : ठरवले साम्राज्याच्या गरजेने, भरले इथल्या रयतेने, दर ठरवले बंदराकडे तोंड करून, आणि उरले ते रूळ, ज्यांचा उपयोग इथल्याच माणसांनी पुढे आपल्या अकलेने करून घेतला. या उत्तरांत देणगीदार कोणी नाही, आणि कोळसा पळवून नेणारे जहाजही नाही.

२८/ देणगीची कथा कृतज्ञता मागते, लुटीची सोपी कथा संताप मागते. दोन्हींना अभ्यास नको असतो. वरोऱ्याची खाण बंद होऊन शतक उलटले. तिच्यासाठी घातलेल्या मार्गावरून आज लक्षावधी माणसे प्रवास करतात आणि वरोरा हे त्यांच्यासाठी खिडकीतून सरकणाऱ्या एका स्थानकाचे नाव असते. त्या नावामागे ३५ वर्षे कोळसा खणणारी माणसे होती आणि त्यांच्या सुरक्षिततेचा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचायला ३० वर्षे लागली. रेल्वेच्या इतिहासावर बोलणाऱ्याने निदान एवढे जाणून मग बोलावे.